तिसऱ्या रांगेतला कोनाडा

पाटाच्या मोरीवर, म्हणजे कालव्यावरच्या छोट्या पुलावर, रिक्षा थांबवली आणि उतरण्याआधी नाक बाहेर काढून वास घेतला. सरकीचा वास येतो का, ते पाहिलं. आला नाही. यायला काही कारणही नव्हतं. गिरणी बंद पडून इतकी वर्षं झालीत की मोरीच्या कठड्यावर मोबाइल बघत बसलेल्या पोरांना इथं कधी कापूस यायचा हेसुद्धा ठाऊक नसेल. पण नाकाला कोण समजावणार?

मला नानांनी पाठवलं होतं. नाना म्हणजे माझे वडील. या गिरणीच्या फाटकावर ते जन्मभर दरवान होते. आता नव्वदीला टेकलेत, शहाद्याला भावाकडे असतात, दिवसाला मोजून दोन विड्या ओढतात आणि तिसरी मागत नाहीत. मी नंदुरबारहून त्यांना भेटायला आले, तर जेवताना भाऊ सहज म्हणाला की गिरणी कुणी ठेकेदारानं घेतली, विटा काढून विकतोय. नानांचा घास हातात राहिला.

"फाटकनी भित बी पाडी टाकतीन का?"

"पाडणारच की नाना. ती काय देवाला ठेवणार?" भाऊ म्हणाला.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, बशीरना कोनाडा देखी ये. तिसरी वळ, कोपराकडथून दुसरा."

"काय बघू त्यात?"

"मांगली बाजू."

त्या एका कोनाड्यापायी आमच्या घरात पन्नास वर्षं एक नाव मोठ्यानं घेतलं जात नव्हतं. बशीर मिस्त्री म्हणाले होते, माझी काडीपेटी मी कोनाड्यात ठेवली. नाना म्हणाले होते, कोनाडा रिकामा आहे. दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय असं गावानं ठरवलं, आणि नाना खोटं बोलत नाहीत हे गावाला आधीपासून माहीत होतं.

म्हणून मी आले. फाटक अजून होतं. त्याच्या मागं मात्र आभाळच आभाळ दिसत होतं, कारण छत गेलं होतं.

हे छत आमच्या गावाचं मोठं कौतुक होतं. करवतीच्या दात्यांसारखं, एकामागे एक चढतं-उतरतं. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि तोंड उत्तरेला, सातपुड्याकडे. मी लहानपणी विचारलं होतं, उत्तरेलाच का? नाना म्हणाले होते, कापसाला उजेड पाहिजे, ऊन नको. पुढे मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, काळी कसदार जमीन आणि कापसाचे जिल्हे पोरांकडून घोकून घेतले, पण उत्तरेच्या उजेडाचं इतकं सोपं उत्तर मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही.

गिरणी कुणी बांधली? सुरतेकडच्या एका शेटजींनी, एवढंच नाना सांगत. पाट आधी झाला. गोमाई नदीचं पाणी शेतांकडे न्यायला माणसांनी लांबच लांब चर खणला आणि मातीचे ढीग काठावर पडून राहिले. शेटजींनी ते ढीग पाहिले आणि तिथंच भट्टी लावली. म्हणजे गिरणीची वीट न् वीट पाटाच्या पोटातली. मोरीच्या एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला त्याच खड्ड्याची भिंत. लांबलचक भिंत पाटाच्या पाण्याला अगदी लागून उभी केली. बॉयलरला पाणी लागायचं म्हणून, आणि कापसाला आगीचं भय म्हणूनही. खिडक्यांना कमानी होत्या. पाट सुटला की दुपारचं ऊन पाण्यावर पडून त्या कमानींतून उलटं वर जायचं आणि आतल्या तुळयांवर हलत राहायचं. त्या हलत्या उजेडातून रुईचे, सरकी काढलेल्या कापसाचे, तंतू तरंगत असायचे. आई म्हणायची, गिरणीतल्या बाया दिवसभर आत काम करून बाहेर आल्या की सगळ्या एका वयाच्या म्हाताऱ्या दिसतात. केस पांढरे, भुवया पांढऱ्या. मग त्या पाटावर तोंड धुवायच्या आणि पुन्हा एकेक तरुण व्हायची.

दसरा झाला की गिरणीला जाग यायची. पहिल्या गाडीच्या बैलांना गूळ चारत, इंजिनाला नारळ फोडत, आणि भोंगा होई. त्या भोंग्यावर आमच्या गावाचं पोट आणि घड्याळ दोन्ही चाले. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं होती, त्यांना सगळे रेचे म्हणत. ते सुरू झाले की पायाखालची जमीन बारीक थरथरे. गावातल्या घरांत फळीवरची भांडीही किणकिणत. पाहुणे दचकत, आम्हाला ते ऐकूच येत नसे. फाल्गुन लागला, सातपुड्यातल्या काठी गावची होळी जवळ आली की डोंगरातली मजूर माणसं एकेक करून निघत, आणि हंगाम आपोआप संपे. मग एके सकाळी भांडी गप्प असत. त्या शांततेनं मला जाग यायची आणि उगाच रडू यायचं.

आणि फाटकातून आत शिरताना डाव्या हाताला ती कोनाड्यांची भिंत. असली भिंत मी पुढे कुठंच पाहिली नाही. गवंड्यानं म्हणे शेटजींना विचारलं, माणसं किती? आणि तितके कोनाडे केले. वितीएवढे, ओळीनं, एकावर एक. कारण एकच. गिरणीत काडी न्यायची नाही. प्रत्येकानं आपली विडी-काडीपेटी आपल्या कोनाड्यात ठेवायची, टोपी काढून झटकायची, हात वर करायचे. नाना दोन्ही खिसे, कंबर, कनवटी चापपायचे आणि म्हणायचे, "जाय मझार." आत जा. शेटजींचे जावई आले तरी हेच. जावई एकदा रागावले म्हणे. नाना म्हणाले, कापसाला जावई कळत नाही.

बशीर मिस्त्री, आमचे बशीरचाचा, रोज फाटकावर काहीतरी खोडी काढत. नानांपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, दंडावर कायम एरंडेलाचा तेलकट वास, कारण रेच्यांचे चामड्याचे रोलर घासूनपुसून नीट करणं हे त्यांचं काम.

"नाना, आज खिसामा तोफ शे, देखी ले."

"तोफ चालस. काडी चालत नही. जाय मझार."

सगळ्यांच्या काडीपेट्या कागदाच्या. चाचांची मात्र पितळी डबी. एका जुन्या पत्र्यातून स्वतः ठोकून केलेली, सरकत्या झाकणाची, वर दातेरी चाक कोरलेलं. तिसऱ्या रांगेत ती लांबून चमके. मला त्यांनी त्याच पत्र्याच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून एक छोटं पाणचक्र करून दिलं होतं. पाटाच्या कडेला दोन काड्यांवर टेकवलं की ते गरगर फिरे. एकदा पाट सुटलेला असताना पाणी अचानक वाढलं आणि ते वाहून गेलं. मी मोरीपर्यंत धावले, पण ते सापडलं नाही. चाचा म्हणाले, दुसरं करू. ते दुसरं व्हायचं राहून गेलं.

ईदेला त्यांच्या घरून शीरखुर्मा येई, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडून त्यांच्याकडे मांडे जात. डबे कधी रिकामे परतत नसत. मला वाटायचं, हे असंच असतं सगळीकडे.

नानांची एक सवय होती. वाफेचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं, तेव्हापासून थरथर फार वाढली. फाटकाची भिंत तडकायला लागली म्हणून तिच्या मागं दुसरी भिंत उभारली, मध्ये हातभर पोकळी ठेवून. तरी थरथर थांबेना. कोनाड्यांतल्या डब्या दिवसभरात मुंगीच्या चालीनं पुढं सरकत आणि काठावर येत. पडून पायाखाली गेली आणि पेटली तर? म्हणून नाना तासा-तासाला भिंतीपाशी फेरी मारत आणि हातातल्या काठीच्या लोखंडी टोकानं एकेक डबी मागं ढकलत. ठक, ठक, ठक. पितळी डबी बुडाशी गुळगुळीत, ती सगळ्यांच्या आधी पुढं येई. तिला ते जरा जास्तच जोरात ढकलत. "बशीरनी डबी बशीरसारखीच," म्हणत, "एक जागी बठत नही."

मग ती दुपार आली. माघ असेल, पाट सुटलेला होता. मी घरी अंगणात होते. भोंगा अवेळी झाला, आणि थांबेचना.

"आग लागनी वं! गंजीले आग लागनी!" बाया ओरडत धावत होत्या.

कापूस पेटतो तेव्हा ज्वाळा फारशा नसतात. तो आतल्या आत जळत जातो आणि वरून नुसता धुमसतो. गंजी, म्हणजे कापसाचा तो घराएवढा ढीग, पांढऱ्याचा पिवळा झाला आणि पिवळ्याचा काळा. पाटापासून गंजीपर्यंत माणसांची रांग लागली. बादल्या, घागरी, हंडे, कुणाच्या घरचा पिंपही. माणूस एकही दगावला नाही, हे पाटाचे उपकार. पण वास मात्र कितीतरी दिवस आमच्या गोधड्यांतून गेला नाही.

आग कशानं लागली ते कधीच कळलं नाही. कापसात गारगोटी आली असेल, खिळा आला असेल. पण कळलं नाही हे माणसांना पुरत नाही. सगळ्यांसमोर मॅनेजरनं नानांना विचारलं, "कोणाचा कोनाडा रिकामा आहे?"

नाना भिंतीपाशी गेले, वाकून पाहिलं, आणि म्हणाले, "बशीरना."

"मी ठेयेल व्हती नाना," चाचा म्हणाले. "डबी ठेवी, मंग रोलर उचला."

दुपारी ते दुरुस्त केलेला रोलर खांद्यावर घेऊन आत गेले होते. दोन्ही हात अडकलेले. मॅनेजरनं विचारलं, झडती घेतली होती? नाना म्हणाले, "त्याले सोडीसन सगळासनी ली. त्यानी नही ली." कुणी विचारलं नसतं तरी त्यांनी हे सांगितलं असतं. तसाच स्वभाव.

चाचांना कुणी काढून टाकलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्याजवळच्या रेच्यावर बाया उभ्या राहिनात. तिसऱ्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा उचलला, मोरी ओलांडली आणि गेले. पुढे ऐकलं की खांडबाऱ्याला पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्या ईदेला आमच्याकडे डबा आला नाही. आखाजीला आईनं मांडे केले, आणि एक वाटा बाजूला काढून संध्याकाळी गाईला घातला. नानांनी ते पाहिलं. त्यानंतर मात्र ते कुणालाही झडतीशिवाय सोडत नसत. मी त्यांचा जेवणाचा डबा घेऊन जायची, तर माझंही दप्तर उघडून बघत. मला त्यांचा फार राग यायचा.

आता त्या भिंतीपुढं उभी होते. वरच्या दोन रांगा उतरवून झाल्या होत्या. डोंगरातून आलेलं एक कुटुंब काम करत होतं. नवरा विटा सोडवत होता आणि बायको विळ्याच्या पाठीनं विटांचा चुना खरवडत होती. मी तिला कोनाडा दाखवला आणि जरा सांभाळून काढा म्हटलं.

"त्यात काय आहे?" तिनं विचारलं.

"माहीत नाही. मागची बाजू बघायची आहे."

ती हसली. म्हाताऱ्या बाया कशाकशासाठी येतात, असं काहीसं नवऱ्याशी तिच्या पावरी बोलीत बोलली असावी, कारण तोही हसला. मग त्यानं कोनाड्यात हात घातला. कोपरापर्यंत गेला. तिथं मागची वीटच नव्हती. उभी लावलेली एकच पातळ वीट, थरथरीनं चुना झडून केव्हाची मागं पडलेली. आतून सगळं काळं, म्हणून बाहेरून कुणाला दिसलं नव्हतं. त्यानं भिंत खालपर्यंत उतरवली. दोन भिंतींच्या पोकळीत रुईचा राखाडी थर, उंदरांची बिळं, विटेचे तुकडे. त्या बाईनं त्यात हात घालून काहीतरी काढलं आणि पदराला पुसलं.

"ही तुमची?"

दातेरी चाक. मी खाली विटांवरच बसले. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. तिनं न विचारता पाण्याची बाटली पुढं केली.

घरी येऊन डबी नानांच्या हातात दिली. त्यांनी ती फिरवून पाहिली, मग म्हणाले, "मन्ही काठी लई ये."

दाराआड असते ती काठी. तीच, अजून. त्यांनी तिचं टोक डबीच्या कडेला लावलं. तिथं बारीक खळगे पडले होते, एकाशेजारी एक. टोक त्यांत नीट बसलं.

"मीच ढकली," नाना म्हणाले. "पडी जाई म्हनीसन मीच ढकली."

रात्री जेवले नाहीत. सकाळी अंघोळ करून धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर बसले. "बशीर कोठे ऱ्हास आते?"

भावानं गाडी काढली. खिडकीबाहेर कपाशीची बोंडं फुटली होती, पण नानांनी तिकडे पाहिलं नाही. डबी मुठीत धरून होते. मला भीती वाटत होती की चाचा हयात नसतील. आणि असले, तरी दाराबाहेरच ठेवतील, ही त्याहून मोठी भीती होती.

ते हयात होते. दुकान आता नातू बघतो. चाचा दारासमोर खाटेवर बसले होते, दाढी पूर्ण पांढरी, दंड सुकलेले. त्यांनी नानांना गाडीतून उतरताना पाहिलं आणि उठून उभे राहिले. पुढं मात्र आले नाहीत.

नाना पायरीखाली थांबले आणि हात पुढं केला. चाचांनी डबी घेतली, अंगठ्यानं चाक चोळलं, झाकण सरकवलं. आत काड्या होत्या. टोकांचं भुरकट पीठ झालेलं.

"कोठे सापडनी?"

"कोनाडाना मांगे. दोन्ही भितीसना मधमा." नाना म्हणाले. "मन्ही काठीवरी गई, बशीर. तू खरं सांगी ऱ्हायंता."

चाचांनी झाकण पुन्हा सरकवून बंद केलं. मग म्हणाले, "तू बी खरंच सांगं नाना. कोनाडा रिकामाच व्हता."

"हा."

"मन्हा बाप गया, तवय तू उना नही."

"नही उनू." नाही आलो.

"मी वाट देखी."

नानांनी मान खाली घातली. भाऊ काही बोलायला लागला, मी त्याचा हात धरला. चाचांची सून पाण्याचे पेले घेऊन दारात येऊन थबकली.

मग नानांनी खिशातून आपली काडीपेटी काढली. दाराजवळच्या भिंतीवर हात फिरवला. भिंत फरशीची, नवी. तिथं कोनाडा कुठला असणार? शेवटी खिडकीच्या कट्ट्यावर त्यांनी ती ठेवली, बोटानं जरा मागं सारली. टोपी काढली आणि झटकली. आणि दोन्ही हात वर करून पायरीपाशी उभे राहिले.

चाचांना आधी कळलं नाही. मग कळलं. डबी खाटेवर ठेवून ते आले, नानांचे दोन्ही खिसे चापपले, मग कंबर, मग कनवटी. सगळं नीट, सावकाश, एकही जागा न सोडता. चापपताना त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसत नव्हते.

"तोफ नही दिसत," ते म्हणाले.

मग बाजूला सरले आणि दार मोकळं केलं.

"जाय मझार."